भुसावळचा भ, धुळ्याचा ळ आणि चौकोनी अक्षरं

अमळनेरहून एक दादा बॅनर घ्यायला जळगावला आले होते. त्यांच्या मुलाच्या कॉलेजात गॅदरिंगला मोबाईल गेमची स्पर्धा होती आणि मुलांच्याच सांगण्यावरून मी वरचं मोठं नाव पिक्सेल फॉन्टमध्ये लावलं होतं. जाड, चौकोनी, कडांना पायऱ्या असलेली अक्षरं. दादांनी बॅनर फरशीवर पसरला, चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हाई अक्षर फाटेल शे का?" म्हणजे, हे अक्षर फाटलेलं आहे का?

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या धंद्यात अक्षराच्या कडेला पायऱ्या दिसल्या की काम बिघडलं असंच धरतात. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरून इवलासा लोगो पाठवतं, दहा फुटी फ्लेक्सवर तो ताणला की कडा फुटतात. त्याला आम्ही 'फोटो फाटला' म्हणतो. मग मुद्दाम पायऱ्यांचं अक्षर कुणी का काढेल, आणि तेही इतकं जाड? दुकानात उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं मी दादांना सांगितलं. पुष्कळ राहून गेलं, ते इथे लिहितो.

सुरुवात दोसुतीपासून करतो. माझ्या आईनं लग्नाआधी दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी 'सुस्वागतम्' भरलं होतं. यावल तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या दारावर ते कितीतरी वर्षं होतं. दोसुतीचं कापड म्हणजे दोन-दोन सुतांची उभी-आडवी वीण, त्यामुळे त्यावर आपोआप घरं पडतात. एका घरात एक फुली. अर्धी फुली नाही, तिरकी फुली नाही. गोलाई दाखवायची असेल तर एक घर सोडून पुढच्या ओळीत सरकायचं, म्हणजे पायरी पडते. चार हात लांबून पाहिलं की त्या पायऱ्या डोळाच गोल करून घेतो. आईला पिक्सेल हा शब्द कुणी सांगितला नव्हता, पण ती पिक्सेलमध्येच लिहीत होती.

पडद्यावरचं एक घर म्हणजे पिक्सेल. मोबाईलचा पडदा, दुकानावरची सरकत्या अक्षरांची एलईडी पाटी, जुना टीव्ही गेम, सगळे अशा घरांचेच. फरक घरांच्या आकाराचा आणि संख्येचा. आजच्या मोबाईलवर घरं इतकी बारीक असतात की ती वेगळी दिसत नाहीत, म्हणून अक्षर गुळगुळीत वाटतं. घरं मोठी आणि मोजकी असली की ती लपवता येत नाहीत. तिथे अक्षर काढणाऱ्याला प्रत्येक घराबद्दल ठरवावं लागतं: हे भरायचं की रिकामं ठेवायचं. पिक्सेल फॉन्ट समजून घ्यायचा तर हे ठरवणं समजून घ्यायला हवं. गुळगुळीत अक्षर खडबडीत केलं की पिक्सेल फॉन्ट होत नाही. तसं केलेलं अक्षर खरंच फाटलेलं दिसतं आणि दादांना पहिल्या नजरेत तेच वाटलं.

अशी अक्षरं आधी आवड म्हणून आली नव्हती, ती गरजेतून आली. आठ बाय आठ घरांचं एक अक्षर घ्या. चौसष्ट घरं, प्रत्येक घर भरलेलं की रिकामं एवढीच नोंद, म्हणजे ६४ बिट, म्हणजे ८ बाईट. इंग्रजीची मोठी लिपी, आकडे आणि थोडी चिन्हं मिळून ६४ आकृत्या धरल्या तर अख्खा फॉन्ट ५१२ बाईटमध्ये बसतो. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटो याच्या शेकडो पट जागा खातो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला, 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) आणि 'पॅक-मॅन' (१९८०) आले तेव्हा मेमरी फार महाग होती. जे होतं त्यात बसेल तेच अक्षर.

माझ्या वयाच्या मुलांनी ही अक्षरं नव्वदच्या दशकात पाहिली. जपानमध्ये १९८३ साली निन्टेन्डोचं घरगुती गेम यंत्र निघालं, त्याच्या नकला आपल्याकडे गल्लोगल्ली पोचल्या. कॅसेट फुंकून लावायची, टीव्हीचं बटण फिरवून चित्र पकडायचं आणि मग काळ्या पडद्यावर पांढरी, ठसठशीत अक्षरं यायची. त्या यंत्राचा पडदा २५६ बाय २४० घरांचा होता आणि चित्रं आठ बाय आठच्या तुकड्यांनी जुळवलेली असायची. म्हणजे आडव्या ओळीत फार तर ३२ अक्षरं. इंग्रजी धड वाचता येत नसे, पण त्या अक्षरांचा आकार डोळ्यांत पक्का बसला. आज ती पिढी दुकानं चालवते, जाहिराती करते, ॲप बनवते. या फॉन्टला 'रेट्रो' म्हणतात ते त्या आठवणीमुळे. आत्ताची शाळकरी मुलं मात्र ही अक्षरं माईनक्राफ्ट या गेममधून ओळखतात. त्यांच्यासाठी यात जुनं काहीच नाही, आणि बॅनर करताना हे मी लक्षात ठेवतो. बापाला आठवण येते, पोराला आजचा खेळ दिसतो.

आठवणीबद्दल एक खुलासा करायला हवा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ही घरं आजच्यासारखी सुरीनं कापल्यागत चौकोनी दिसतच नव्हती. काचेवरचा उजेड कडेला थोडा पसरायचा, रंग एकमेकांत सांडायचे, कोपरे बोथट व्हायचे. आज आपण जो धारदार चौकोन 'जुन्या काळाचा' म्हणून वापरतो तो त्या काळाचा गणिती सांगाडा आहे. त्यावरचा मऊपणा आपण वगळला आहे.

आता जाडीकडे येतो, कारण हा फॉन्ट जाड का असतो याचं उत्तरही त्याच टीव्हीत आहे. त्या टीव्हीत किरण डावीकडून उजवीकडे धावत ओळी काढायचा. आडवी रेघ काढताना किरण एकदा उजळला की बराच वेळ उजळलेलाच राहतो, म्हणून एका घराची आडवी रेघही ठळक दिसते. उभी रेघ मात्र प्रत्येक ओळीत क्षणभर उजळून लगेच विझवावी लागते. साध्या टीव्हीला ते झेपायचं नाही आणि एका घराची उभी रेघ फिकी पडायची. उपाय सोपा होता: उभ्या रेघा दोन घरांच्या, आडव्या एका घराच्या. जुन्या गेममधली ठसठशीत अक्षरं नीट पाहिली तर हीच विभागणी दिसते. आठपैकी सात घरांत अक्षर आणि उरलेलं एक घर शेजाऱ्यापासून अंतर ठेवायला.

हीच जाडी दुसऱ्या एका कारणानं संगणकाच्या पडद्यावर आली. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला. पडदा ५१२ बाय ३४२ घरांचा, फक्त काळा आणि पांढरा. त्याची चित्रं आणि अनेक फॉन्ट सुझन केर यांनी काढले. चित्रांसाठी त्यांनी चौकटीची वही विकत आणली आणि ३२ बाय ३२ चौकटी भरत बसल्या. ही घरांची चित्रं म्हणजे भरतकाम आणि मोझॅक यांच्याच कुळातली, असं त्या सांगत आल्या आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आईचं 'सुस्वागतम्' आठवलं. त्यांचा 'शिकागो' नावाचा जाड फॉन्ट मॅकच्या मेनूसाठी होता. जो पर्याय त्या वेळी वापरता येणार नाही तो मेनूत करडा दाखवायचा असे, पण पडद्याला करडा रंगच नव्हता. म्हणून अक्षरातलं एकाआड एक घर पुसायचे. बारीक रेघेचं अक्षर अशानं नाहीसंच होईल. शिकागोच्या उभ्या रेघा दोन घरांच्या असल्यानं अर्धी घरं गेली तरी अक्षर वाचता यायचं. पुढे २००१ च्या पहिल्या आयपॉडवरही हाच फॉन्ट होता.

म्हणजे या फॉन्टची जाडी मिरवण्यासाठी नव्हती, तिला काम होतं. पण ती फुकट मिळत नाही. इंग्रजी ई घ्या: तीन आडव्या रेघा आणि मधल्या दोन फटी. एक-एक घराच्या रेघा असतील तर पाच ओळींत काम होतं. रेघा दोन घरांच्या केल्या की सहा ओळी रेघांतच जातात आणि कमीत कमी दोन फटींना, म्हणजे एकूण आठ. फट एका घराची आणि रेघ दोन घरांची झाली की लांबून ती फट बुजते. म्हणून खरा जाड पिक्सेल फॉन्ट मोठ्या जाळीवर नव्यानं आखावा लागतो. सॉफ्टवेअरमधलं 'बोल्ड'चं बटण दाबून तो होत नाही. ते बटण अक्षराभोवती सरसकट लेप चढवतं, लेपाची जाडी घराच्या मापात नसते, आणि सगळ्या कडा घरांच्या रेषांवरून सरकतात. माझ्याकडे येणाऱ्या शिकाऊ मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो, कारण ही चूक सगळ्यात जास्त होते.

इथवर सगळं इंग्रजीचं झालं. आपल्या लिपीत हा हिशोब वेगळाच आहे आणि मला यात सगळ्यात जास्त रस आहे.

इंग्रजी मोठी अक्षरं एका पट्ट्यात राहतात. देवनागरीला तीन मजले लागतात. मधे अक्षराचं अंग आणि त्याच्या डोक्यावर शिरोरेखा, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. एक-एक घराच्या रेघांनी काढायचं ठरवलं तर माझ्या वहीतला हिशोब असा येतो: वरच्या मात्रांना चार ओळी, शिरोरेखेला एक, अंगाला सात, खालच्या उकाराला तीन. झाल्या पंधरा. एक ओळ मोकळी सोडली की सोळा. आणि सोळा ओळी म्हणजे आपल्याकडे दुकानांवर लागतात त्या एलईडी पाटीच्या एका पट्टीची बरोब्बर उंची. त्या पट्टीला धंद्यात पी-१० म्हणतात. तिच्यात आडवे ३२ आणि उभे १६ दिवे असतात, दोन दिव्यांमध्ये दहा मिलिमीटर अंतर, म्हणजे पट्टी ३२ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर उंच. त्याच उंचीत इंग्रजीच्या दोन ओळी सुखानं बसतात, मराठीची एक बसते आणि तीही अंग चोरून. जुना नोकिया ३३१० आठवा. त्याचा पडदा ८४ बाय ४८ घरांचा होता. या हिशोबानं त्यावर इंग्रजीच्या सहा ओळी, मराठीच्या तीन.

सराफ बाजारातून संध्याकाळी चालत गेलात तर हे सगळं डोळ्यांसमोर सरकताना दिसेल. काही पाट्यांवर उकार कापलेले असतात, काहींवर वेलांटी शिरोरेखेला चिकटून तिचं टोक गायब झालेलं असतं. पाटी लावणाऱ्याचा त्यात दोष नसतो. सोळा ओळींसाठी घर न घर मोजून काढलेलं अक्षर त्याच्याकडे नसेल तर तो कागदासाठी काढलेला गुळगुळीत फॉन्ट लहान करून टाकतो. मग कुठलं घर पेटायचं आणि कुठलं विझायचं ते यंत्र ठरवतं. यंत्राला भ आणि म यांतला फरक महत्त्वाचा आहे हे ठाऊक नसतं.

आणि आपल्या भागाला तो फरक फार महत्त्वाचा आहे. भुसावळ लिहा. भ ची शिरोरेखा डावीकडे तुटते आणि तिथे एक छोटी गाठ असते. म ची शिरोरेखा सलग. चौकोनी जाळीवर हा सगळा फरक एका-दोन घरांचा. जाड फॉन्टमध्ये शिरोरेखा दोन ओळींची झाली, तुटलेली जागा एकाच घराची ठेवली आणि दिव्यांचा उजेड थोडा पसरला, की भुसावळचं मुसावळ झालं. धुळ्याचंही तसंच. ध ला डोक्यावर मोकळी जागा आणि वळण, घ ला सलग रेघ. म्हणून जाड देवनागरीत भ आणि ध यांच्या शिरोरेखेतली फट दोन घरांची ठेवावी असं माझं ठाम मत आहे, मग अक्षर एक घर रुंद झालं तरी चालेल. शेजारच्या अक्षरांशी रुंदी जुळली नाही म्हणून काही बिघडत नाही. गाव ओळखू आलं नाही तर मात्र पाटीच वाया गेली.

मग ळ. खान्देशाचा नकाशा उघडा: जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, तळोदा, पिंपळनेर. बोलताना आम्ही धुळ्याला 'धुये' आणि जळगावला 'जयगाव' म्हणतो, अहिराणीत ळ चा य होतो. पण पाटीवर ळ लिहावाच लागतो, आणि पिक्सेलमध्ये तो काढायला सगळ्यात चिवट अक्षरांपैकी एक आहे. त्याची दोन पोटं शेजारी-शेजारी, दोन्ही आतून पोकळ. एक घराच्या रेघेत भिंत, पोकळी, मधली भिंत, पोकळी, भिंत अशी किमान पाच घरं रुंदी लागते. रेघ दोन घरांची केली आणि पोकळीही दोन घरांची ठेवली तर दहा. पोकळी एकाच घराची ठेवली तर आठात भागतं, पण लांबून दोन काळे ठोकळे दिसतात. मी ळ साठी दहा घरं देतो आणि शेजारच्या अक्षराशी अंतर कमी करत नाही. जाळीच्या फॉन्टमध्ये दोन अक्षरांमधलं अंतरसुद्धा पूर्ण घराचंच हवं, अर्धं घर सरकवलं की सगळी ओळ लंगडते.

अनुस्वार त्या मानानं सोपा. नंदुरबारच्या डोक्यावरचा ठिपका गोल असायची गरज नाही. जाड फॉन्टमध्ये दोन बाय दोनचा चौकोन आणि शिरोरेखेपासून एक ओळ मोकळी, एवढं पुरतं. खरी परीक्षा मुक्ताईनगरची. उकार खाली, क्त चं जोडाक्षर मधे, ई ची शेंडी वर. कुठलाही देवनागरी पिक्सेल फॉन्ट घेतला की मी त्यात आधी ही तीन नावं लिहून पाहतो: भुसावळ, धुळे, मुक्ताईनगर. तिन्ही लांबून वाचता आली तर फॉन्ट कामाचा.

सहज मिळणारे फॉन्ट बहुतेक इंग्रजीचे असतात. 'प्रेस स्टार्ट टू पी' नावाचा प्रसिद्ध फॉन्ट ऐंशीच्या दशकातल्या नामको कंपनीच्या गेममधल्या अक्षरांवरून केलेला आहे. तो मोफत आहे आणि त्याचा परवाना खुला आहे, म्हणजे धंद्याच्या कामालाही चालतो. पण त्यात देवनागरी नाही. त्यात मराठी टाईप केलं तर संगणक मुकाट्यानं दुसऱ्या फॉन्टमधून, विंडोजवर मंगल किंवा निर्मलामधून, अक्षरं उचलतो. मग इंग्रजी शब्द चौकोनी आणि मराठी शब्द गुळगुळीत असं दिसतं आणि शिकाऊ मुलगा 'फॉन्ट लागत नाही' म्हणून अर्धा तास घालवतो. फॉन्ट घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: देवनागरी आहे का, आणि परवाना फक्त घरगुती वापरापुरता आहे की विकायच्या कामालाही आहे. दुसरी गोष्ट आपल्याकडे फार कमी जण पाहतात. ज्यानं एकेक घर मोजून अक्षर काढलं त्याच्या मेहनतीचा तो मोबदला आहे, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

वापराचं सांगायचं तर पहिला नियम मापाचा. फॉन्ट आठ घरांच्या जाळीवर काढलेला असेल तर पडद्यावर त्याचं माप ८, १६, २४, ३२ असंच ठेवायचं. २० ठेवलं तर फॉन्टचं एक घर पडद्याच्या अडीच घरांवर येतं. अर्धं घर पेटवता येत नाही, म्हणून संगणक तिथे फिकट रंग भरतो आणि कड धुरकट होते. याला अँटी-अलायझिंग म्हणतात. गुळगुळीत अक्षराला ते उपकारक, पिक्सेल अक्षराला मारक. फोटोशॉपमध्ये ते बंद करता येतं. चित्र म्हणून केलेलं पिक्सेल काम मोठं करायचं असेल तर 'नियरेस्ट नेबर' हा पर्याय निवडायचा, म्हणजे एका घराची चार घरं होतात पण रंग मिसळत नाहीत. छपाईत हा त्रास कमी असतो, कारण कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर कर्व्ह करून, म्हणजे त्याच्या कडांच्या रेषा करून टाकलं की ते हव्या त्या मापाला धारदारच राहतं. फक्त ती फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. फोटो दाबला जातो तेव्हा सरळ कडांभोवती मळ साठतो आणि या अक्षरावर तो लगेच दिसतो.

अंतराचा हिशोबही करावा लागतो. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखते. दहा मीटरवर तो सुमारे ३ मिलिमीटर होतो. म्हणजे बॅनर दहा मीटरवरून पाहिला जाणार असेल आणि तुमचं घर ३ मिलिमीटरचं असेल, तर चौकोन दिसणारच नाहीत, कड फक्त खरखरीत वाटेल. तिथे घर निदान एक-दीड सेंटिमीटरचं हवं. उलट पी-१० पाटीचे ठिपके साधारण ३४ मीटरच्या पुढे एकमेकांत मिसळतात. रस्त्याच्या या फुटपाथवरून ते ठिपके असतात, चौकाच्या त्या टोकावरून अक्षर होतात. अमळनेरच्या बॅनरवर मी घर तीन सेंटिमीटरचं ठेवलं होतं. दादांनी तो पायाशी पसरून पाहिला म्हणून अक्षर फाटलेलं वाटलं. भिंतीला लावून मी त्यांना दुकानाबाहेर रस्त्यापलीकडे नेलं, तिथून पाहिल्यावर ते म्हणाले, "आते दिसनं."

कुठे वापरावा हे मी शब्द मोजून ठरवतो. एक ते चार शब्द असतील तर हा फॉन्ट सिंहासारखा उभा राहतो. स्पर्धेचं नाव, यूट्यूबच्या व्हिडिओचं मुखचित्र, टी-शर्टची छाती, सायबर कॅफेची किंवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा फलक. रावेर-फैजपूरकडच्या केळीच्या वेफर्सचं पाकीट मुलांसाठी करायचं असेल तर नाव आणि चौकोनी केळं या रूपात फार सुंदर दिसेल. पण त्याच पाकिटाच्या मागचा घटकांचा तक्ता, वजन आणि तारीख साध्या फॉन्टमध्येच हवी. लांब मजकुरात पायऱ्या डोळ्यांना टोचतात आणि कमी दिसणाऱ्या माणसाला ती शिक्षा होते. लग्नपत्रिकेत, दशक्रियेच्या निवेदनात, औषधाच्या लेबलवर मी तो कधीच वापरणार नाही. गिऱ्हाईकानं हट्ट धरला तरी समजावून सांगतो.

रंग थोडे आणि सपाट ठेवावेत. एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारा ग्रेडियंट या अक्षराला शोभत नाही, कारण त्याची सगळी भाषा 'आहे किंवा नाही' अशी आहे. सावली द्यायची तर धूसर देऊ नका, अक्षराचीच गडद प्रत एक घर खाली आणि एक घर उजवीकडे सरकवा. अक्षर तिरकं करू नका, लांबीला ताणू नका. एकाच चित्रात दोन मापांची घरं आली की पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे कळतं. शेजारी साधा मजकूर हवा असेल तर सरळ, शांत वळणाचा फॉन्ट घ्या, आणखी एक नखरेल फॉन्ट आणू नका.

स्वतः अक्षर काढायची हौस असेल त्यांनी पूर्ण फॉन्टच्या मागे लगेच लागू नये. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, मोठी-लहान मिळून बावन्न, आकडे आणि चिन्हं काढली की काम भागतं. देवनागरीला जोडाक्षरं धरून शेकड्यांनी आकृत्या लागतात. शिवाय पहिली वेलांटी टाईप होते नंतर आणि दिसते आधी, र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ही सगळी सरकासरकी फॉन्टच्या आत नियम लिहून बसवावी लागते. फॉन्टफोर्ज नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते करता येतं, पण वेळ जातो. आधी चौकटीच्या वहीत आपल्या गावाचं नाव काढा. एक शब्द, पेन्सिल आणि खोडरबर. शेवगा पारोळ्याचा असो की केळी सावद्याची, विकणाऱ्याच्या पाटीला एवढं पुरतं.

माझीही अशी एक वही आहे. सुझन केर यांच्या फॉन्टला शिकागो या शहराचं नाव मिळालं, आणि ते शहर रेल्वेचं मोठं जंक्शन. म्हणून मी माझ्या वहीतल्या लिपीला 'भुसावळ' म्हणतो. जाळी २४ ओळींची: वर सहा, शिरोरेखेला दोन, अंगाला अकरा, खाली पाच. भ तीनदा खोडला तरी म सारखाच दिसत होता. एका दुपारी वही ओट्यावर पडलेली आईनं पाहिली. तिनं वही हातभर लांब धरली, डोळे बारीक केले आणि गाठीच्या उजवीकडच्या घरावर नख ठेवून म्हणाली, "इथला टाका सोड. आणि गाठ एक ओळ खाली घे, मग डोकं मोकळं राहतं." तसं केलं. आता स्वर, व्यंजनं आणि बाराखडीच्या मात्रा झाल्या आहेत. जोडाक्षरांत श्र आणि क्ष बसलेत, मुक्ताईनगरच्या क्त चं पोट अजून बुजतंय.